लाईव्ह घ्यायचं का रेकॉर्ड करून टाकायचं?

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑनलाईन शिकवायचं तर माझं मत सरळ आहे, थिअरी रेकॉर्ड करा, गणितं लाईव्ह घ्या. मोहोळ-अक्कलकोटकडची बरीच पोरं मोबाईल डेटावर असतात, लाईव्हला आवाज तुटला की डेरिव्हेशनची (सूत्र पायरीपायरीनं काढतात ते) मधलीच ओळ जाते अन् पुढचं सगळं डोक्यावरून, रेकॉर्डिंग निदान मागं घेऊन बघता येतं, दीडपट स्पीडनं पळवता पण येतं (पळवतातच!). पण बेंडिंग मोमेंट डायग्राममध्ये (बीमला कुठं किती वाकवणारा जोर येतो त्याची आकृती) सॅगिंगला, म्हणजे बीम खाली झुकण्याला, प्लस चिन्ह द्यायचं का हॉगिंगला, म्हणजे वर फुगण्याला, इथं गाडी अडकते ना, ते लाईव्हलाच कळतं, वही कॅमेऱ्यासमोर धर म्हटलं की चूक लगेच दिसते. आणि नुसते व्हिडिओच द्यायचे तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाईन कोर्सच्या साइटवर आयआयटीवाल्यांचे फुकट पडलेत, आपले कोण बघतंय? लॅबची मात्र दोन्हीकडं बोंबच, काँक्रीटचा क्यूब (ताकद तपासायचा ठोकळा) मशीनवर स्वतः फोडल्याशिवाय काय कळत नाय.