आडनावाचा जगाचा नकाशा: विदर्भातल्या आडनावांना फोरबेअर्स किती पुरतं?

फोरबेअर्स ही वेबसाइट वापरायला फुकट आहे आणि खातं उघडावं लागत नाही. चौकटीत आडनाव टाकलं की जगाचा नकाशा येतो. त्याखाली देशांची यादी असते: कुठे किती माणसं, किती माणसांमागे एक, त्या देशात कितवा क्रमांक. आणखी खाली आडनावाचा अर्थ, इतर लिप्यांतली रूपं आणि सारख्या उच्चाराची आडनावं. आपला पसारा चार अब्जांहून जास्त माणसांच्या नोंदींवर उभा असल्याचं साइट सांगते. नागपुरात बसून 'आपले वानखेडे जगात कुठे कुठे आहेत' हे बघायचं असेल तर सुरुवातीच्या अर्ध्या तासासाठी याहून सोयीचं काही नाही. पाचपैकी तीन गुण त्याचेच. उरलेले दोन कशात गेले, ते विदर्भातल्या आडनावांच्या अंगाने सांगायला हवं, कारण गुजराती पटेलांना या साइटवर जेवढं बरोबर उत्तर मिळतं तेवढं आपल्याला मिळत नाही.

आधी नकाशा वाचायचा कसा ते. तो दोन तऱ्हांनी रंगतो, एकूण संख्येनुसार आणि दाटीनुसार. लोक दाटीचा नकाशा उघडतात आणि फसतात. एक लाख वस्तीच्या बेटावर तुमच्या आडनावाची दहा माणसं असली तर प्रमाण दहा हजारांत एक. अमेरिकेत तीच दाटी यायला तीसेक हजार माणसं लागतील. म्हणून आखातातला एखादा छोटा देश किंवा बेट लाल दिसलं तर तिथे आपली मोठी वसाहत आहे असं समजू नका. एखाद्या प्रकल्पावर गेलेली पाच-सात कुटुंबंही तेवढा रंग आणतात. देशांची यादी एकूण संख्येनुसार लावा, खालच्या टोकाला एक-दोन माणसं दाखवणारे देश सोडून द्या आणि मगच काय ते ठरवा.

खरी अडचण स्पेलिंगची. साइट कुटुंब मोजत नाही, इंग्रजी अक्षरांची एक ओळ मोजते. वानखेडे घ्या. सुरुवात डब्ल्यूने की व्हीने, 'वा'साठी एक ए की दोन, 'खे'मध्ये एच आहे की गळलाय, एवढ्या तीनच प्रश्नांतून आठ स्पेलिंगं निघतात आणि प्रत्येकाचं पान वेगळं. विदर्भात डब्ल्यूची सवय जुनी आहे: वानखेडे, वासनिक, वाकोडे. पण दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात शिकलेली पुढची पिढी व्ही लावून मोकळी होते. 'देव'ने सुरू होणाऱ्या आडनावांची आणखीनच गंमत. देवतळे, देवगडे इकडे बहुतेक 'डी-ई-ओ' लिहितात, व्हीने लिहिणारेही आहेत, आणि सख्खे भाऊ दोन पानांवर विभागले जातात. म्हणून शोधायला बसण्याआधी कागदावर सगळी स्पेलिंगं लिहून घ्या, प्रत्येकाचं पान उघडा आणि देशवार बेरीज स्वतः करा. साइट ती करून देत नाही.

'सारखी आडनावं' हा तक्ता ती बेरीज करून देईल असं वाटतं, पण तिथली नावं फक्त उच्चाराने जवळची असतात, त्यांचं आपसात नातं असेलच असं नाही, हे खुद्द साइटच तळटीपेत कबूल करते. वानखेडे आणि वानखडे ही आपल्याकडे दोन वेगळी आडनावं. इंग्रजीत फरक एका अक्षराचा, आणि यंत्राला ती चूक वाटते.

हीच गोष्ट परदेशातल्या जुन्या सूची चाळताना जास्त त्रास देते. अमेरिकेतल्या जनगणनेच्या आणि जहाजप्रवाशांच्या बऱ्याच जुन्या सूची साउंडेक्स पद्धतीने लावलेल्या आहेत. १९१८ साली पेटंट मिळालेली ही पद्धत पहिलं अक्षर तसंच ठेवते, स्वर टाकून देते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. डब्ल्यूवाल्या वानखेडेचा संकेत येतो डब्ल्यू-५२३. एन म्हणजे ५, के म्हणजे २, डी म्हणजे ३. वानखडेचाही तोच, कारण स्वर मोजलेच जात नाहीत. व्हीवाल्या वानखेडेचा मात्र व्ही-५२३, म्हणजे सख्खा चुलतभाऊ दुसऱ्याच कप्प्यात. आणि डब्ल्यू-५२३ मध्ये आणखी कोण? इंग्रजांचं विनगेट हे आडनाव! गजभिये आणि गजबे यांचीही तीच गत, दोघांचा संकेत जी-२१०. साउंडेक्स इंग्रजी कानासाठी बनलंय. आपल्या आडनावाचे दोन्ही संकेत, डब्ल्यूचा आणि व्हीचा, वेगवेगळे टाकून बघावे लागतात.

स्पेलिंग जुळलं तरी माणूस सापडेलच असं नाही, कारण आडनाव आडनावाच्या रकान्यात असतंच असं नाही. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर नाव आडनावापासून सुरू होतं: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. परदेशी विद्यापीठाचा फॉर्म भरताना कुणी तो क्रम जसाच्या तसा उतरवला की 'फर्स्ट नेम' होतं वानखेडे आणि 'लास्ट नेम' होतं वडिलांचं नाव. पुढे बँक, घरभाडं, विजेचं बिल, सगळीकडे तेच चालू राहतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असला तर अमेरिकी व्हिसावर उलटंच होतं: माणसाचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी इंग्रजीत 'एफ-एन-यू' छापलं जातं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला. त्यामुळे नकाशावर कुठे 'रमेश', 'गणपत' किंवा 'विठ्ठल' ही आडनावं म्हणून मोजलेली दिसली तर दचकू नका. त्यातली काही माणसं वानखेडेच असतील. नवीन पासपोर्ट काढणाऱ्यांनी आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं नाव एवढं पाळलं तरी पुरे.

आडनावाचा अर्थ सांगणारा भाग या साइटचा सगळ्यात कच्चा कोपरा, आणि पैसे घेऊन 'आडनाव-अहवाल' विकणाऱ्यांचा तर अख्खा धंदाच त्यावर चालतो. मराठी आडनाव मुख्यतः चार वाटांनी येतं: गावावरून, हुद्द्यावरून, धंद्यावरून, नाहीतर कुणा पूर्वजाला पडलेल्या टोपणनावावरून. वानखेडे गावावरून आलेलं दिसतं. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात वानखेड आजही आहे. पण त्यावरून सगळ्या वानखेड्यांचं मूळ तिथलं ठरत नाही, आणि एक जात तर मुळीच ठरत नाही. कुणब्यांत वानखेडे आहेत, बौद्धांत आहेत, इतर समाजांतही आहेत. देशमुख हा परगण्याचा हुद्दा. शेजारी हिशेब ठेवणारा देशपांडे. देशमुखी ज्याच्याकडे गेली तो देशमुख झाला, म्हणून हे आडनाव मराठ्यांत, ब्राह्मणांत आणि मुसलमानांतही सापडतं. तेव्हा 'देशमुख: क्षत्रिय कुळ' असली एक ओळ छापून देणाऱ्या अहवालाला एक रुपयाही देऊ नये. त्यासोबत सिंह-ढाल छापलेलं 'कुलचिन्ह' मिळतं, त्याचं तर काय सांगावं. इंग्लंडमध्ये अशी चिन्हं देण्याचा अधिकार असलेलं कॉलेज ऑफ आर्म्स स्वच्छ सांगतं की 'आडनावाचं कुलचिन्ह' असा प्रकारच नसतो. चिन्ह मिळतं ते एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना.

नकाशावरचा आकडा पडताळायचा तर अमेरिकेपुरती सोय चांगली आहे. तिथल्या जनगणना विभागाने २०१० च्या मोजणीतली, किमान शंभर माणसं असलेली सगळी आडनावं फुकट तक्त्यात दिली आहेत, एकूण १,६२,२५३. प्रत्येक आडनावापुढे क्रमांक, संख्या, लाखामागे किती आणि कोणत्या वंशगटाचे किती टक्के. तक्ता एक्सेलमध्ये उघडा आणि तुमची आठही स्पेलिंगं एकेक करून शोधा. शंभराखालचं स्पेलिंग त्यात येतच नाही. वर सांगितलेल्या फाटाफुटीमुळे मध्यम आकाराचं विदर्भी आडनाव नेमकं तिथेच अडकतं. पटेल या यादीत २००० साली १७२ व्या क्रमांकावर होतं, २०१० मध्ये ९५ व्या. आपल्याकडचा पाटील आणि तिकडचा पटेल हुद्दा एकच, गावचा मुखिया. पण पटेलांनी एक स्पेलिंग धरलं, आणि आधी गेलेल्याने मागच्याला बोलावून घेतलं. विदर्भातून गेलेले सुरुवातीचे लोक नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून (१९४७) आणि एलआयटी (१९४२), व्हीआरसीई (१९६०) या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांतून डिग्री घेऊन एकेकटे गेले. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलल्यावर ही वाट रुंदावली. असे लोक एका गल्लीत राहत नाहीत, नोकरी जिथे तिथे राहतात. म्हणून आपल्या आडनावाचा नकाशा ठिपक्यांचा दिसतो, डागाचा नाही. हा नकाशाचा दोष नव्हे.

'कर'वाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. पौनीकर, उमरेडकर, काटोलकर यांचं गाव उघड आहे. पण 'कर' असलेलं एखादं आडनाव इस्रायलमध्ये दिसलं तर ती बहुधा कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची मंडळी. त्यांनीही गावावरूनच आडनावं घेतली: पेणकर, दिवेकर, चेऊलकर. गाव एक म्हणून आडनाव एक, रक्ताचा संबंध त्यावरून निघत नाही.

आता तो सापळा ज्यात नागपूरकरच पडू शकतो. मॉरिशसला १८३४ पासून आणि ब्रिटिश गयानाला १८३८ पासून गिरमिट, म्हणजे करारावर नेलेले, मजूर गेले. त्यांच्या कागदांत 'नागपोर' सापडलं की काळजाचा ठोका चुकतो. थांबा. ते बहुतेक वेळा छोटा नागपूर असतं, आजचं झारखंड. तिथल्या मजुरांना कागदांत 'धांगर' म्हणत. ते उरांव, मुंडा वगैरे आदिवासी. आपल्या धनगरांशी त्यांचा काही संबंध नाही. ठरवायचं कसं? बंदर बघा. कलकत्त्याहून सुटलेलं जहाज असेल तर छोटा नागपूर धरून चाला. मॉरिशसच्या मराठी लोकांचे पूर्वज मुंबईहून गेले आणि ते मुख्यतः कोकण-साताऱ्याकडचे. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, आईबापांचं नाव, वय, जात, गाव, जहाज असं सगळं येतं. आडनाव शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही. तिथे मजुराचं किंवा त्याच्या बापाचंच नाव पुढे आडनाव झालं, तेही फ्रेंच-इंग्रजी कानाने लिहिलेलं: रामगुलाम, जगन्नाथचं जुगनॉथ.

परदेशातल्या कागदावर जन्मस्थान नीट वाचणं हेही नागपूरकराला स्वतःच करावं लागतं. १८६१ पासून नागपूर मध्य प्रांतात, १९०३ ला वऱ्हाड जोडलं गेलं, पुढे कागदावर 'सी. पी. अँड बेरार' असं येतं. १९५० ते १९५६ नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे १९५४ साली लंडनला गेलेल्या नागपूरच्या डॉक्टरच्या कागदावर मध्य प्रदेश लिहिलेलं असणं अगदी बरोबर. कुठल्याही वंशावळ-साइटने ते पाहून त्यांना भोपाळकडचं ठरवलं, तर चूक कागदाची नाही.

एवढं करूनही दुवा जुळला नाही तर फोरबेअर्स बंद करून तहसीलच्या अभिलेख कक्षात जावं लागतं, कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेसाठी. अर्जात मौजा, तहसील, जन्म की मृत्यू आणि साल लिहा. साल पक्कं नसेल तर पाच वर्षांचा पट्टा मागा. 'आजोबांचा जन्म शोधून द्या' एवढ्यावर कुणी बस्ता सोडत नाही. मौजाचं नाव आजच्या ग्रामपंचायतीचं नको, त्या काळचं हवं. नोंद मोडी लिपीत असली तर वाचणारा वेगळा गाठावा लागतो. आणि ती बहुधा अशी निघते: तारीख, 'गोविंदा वल्द तुकाराम' (म्हणजे तुकारामचा मुलगा गोविंदा), जात, मुलगा की मुलगी. आडनावाचा पत्ताच नाही. म्हणून आधी गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा. तिथे मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख एका ओळीत असते. ती तारीख घेऊनच कोतवाल बुकाचा अर्ज लिहा.