एपिफोन कॅसिनो: जॅझसाठी पातळ, पोकळ गिटार, आठ-नऊ महिने वापरल्यावर

मेच्या शेवटी घेतली, म्हणजे आख्खा पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि आपली ठाण्याची नावापुरती थंडी असं सगळं तिने बघितलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलेले रिव्ह्यू मी स्वतः वाचत नाही, पहिल्या आठवड्यात सगळंच गोड लागतं.

गिटार सेकंडहँड आहे. पुण्यातला एक मुलगा परदेशी चालला होता, त्याच्याकडून घेतली. बजेट पन्नास हजारांच्या आत होतं आणि जॅझसाठी पाहिजे एवढं नक्की होतं. सगळे म्हणाले की जॅझ म्हणजे मोठी जाड आर्चटॉप (वरचं लाकूड कमानीसारखं फुगीर असलेली गिटार) घे, त्याशिवाय तो आवाज नाही. मित्राची तशी एक आठवडाभर आणून वाजवली. आवाज भारी, वादच नाही, पण माझी उंची पाच फूट एक इंच आणि ती बॉडी तीन इंचांहून जाड, मांडीवर घेतली की उजवा खांदा कानाला टेकायला येतो आणि अर्ध्या तासात मान धरते. ज्या गिब्सन ईएस-१७५ कडे बघून असे बरेचसे आर्चटॉप बनतात ती सोळा इंच रुंद आणि साधारण ३ ३/८ इंच जाड आहे. कॅसिनो रुंदीला तेवढीच पण जाडीला पावणेदोन इंचांच्या आसपास. वाचताना फरक मामुली वाटतो, हात टाकला की कळतो. शिवाय स्केल, म्हणजे तारांची वाजणारी लांबी, पावणेपंचवीस इंचांचा, त्यामुळे पहिल्या पाच फ्रेटमधले (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) ते बोटं ताणणारे कॉर्ड लहान हातालाही जमतात.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते कारण दुकानात यावर फार गोंधळ असतो. दिसायला ही हुबेहूब गिब्सनच्या ईएस-३३५ सारखी आहे आणि दुकानदार सगळ्यांनाच सेमी हॉलो (अर्धपोकळ) म्हणून मोकळे होतात. पण ३३५ च्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळा असतो, हिच्यात नाही, ही पूर्ण पोकळ. गिब्सनने १९५५ मध्ये बर्डलँड काढली तेव्हापासून हे पातळ बॉडीचं प्रकरण आहे, १९५८ ला ३३५ आली आणि १९५९ ला त्याच आकाराची पण बिनठोकळ्याची ईएस-३३०. एपिफोन कंपनी गिब्सनने १९५७ मध्येच विकत घेतली होती, त्यामुळे १९६१ ची कॅसिनो ही ३३० ची सख्खी बहीण, अमेरिकेतल्या त्याच कॅलमझूच्या कारखान्यातली. आताची नेहमीची चीनमध्ये बनते, माझीही तिथलीच. लोक बघितल्यावर "अरे ही बीटल्सची ना" म्हणतात आणि ते खरंच आहे, मॅककार्टनीने १९६४ ला घेतली, लेनन आणि हॅरिसनने १९६६ ला. पण मला त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं हे वाटलं की जॅझ गिटारिस्ट ग्रँट ग्रीन साठच्या दशकाच्या सुरुवातीला ३३० वाजवायचा आणि दुसरी जॅझ गिटारिस्ट एमिली रेमलर, तिची तर मुख्य गिटारच ३३० होती. तेव्हा पातळ बॉडीवर जॅझ होत नाही म्हणणाऱ्यांनी या दोघांचं थोडं ऐकावं आणि मग बोलावं.

आता मुद्द्याचं. ही गिटार मी ठेवणार आहे ती अ‍ॅम्पमधल्या आवाजासाठी नाही, अ‍ॅम्पशिवायच्या आवाजासाठी. आधीची माझी सॉलिड बॉडी, रात्री वाजवायची म्हणजे हेडफोन, वायर, इंटरफेस, लॅपटॉप, सगळं जोडेपर्यंत मूड गेलेला. ही खुंटीवरून काढायची आणि वाजवायची. जेवणं आटोपल्यावर बेडरूमचं दार लावून वाजवते, मला स्वतःला पुरेल इतका आवाज होतो, आतल्या स्वरांचा फरक कळतो, कोणता स्वर नीट दाबला नाही ते लगेच उघडं पडतं, आणि बाहेर टीव्ही बघणाऱ्याला पत्ता नसतो. सासऱ्यांनी पहिल्यांदा बघून विचारलं, "अगं, वायर न लावता वाजते? मग आधीची का नव्हती वाजत?" मी म्हटलं, "बाबा, ती भरीव होती, ही पोकळ आहे." तर म्हणाले, "मग पोकळ स्वस्त असेल." असो. पण खरं सांगायचं तर या आठ-नऊ महिन्यांत माझं कॉम्पिंग (दुसऱ्याच्या सोलोमागे कॉर्डची साथ देणं) जेवढं सुधारलं तेवढं आधीच्या दोन-तीन वर्षांत नव्हतं आणि त्याचं कारण फक्त एवढंच की गिटार हातात जास्त वेळ असते.

स्ट्रिंग्जबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण निम्मी जॅझ तिथे आहे. आली तेव्हा तिच्यावर दहाच्या (हा तारांच्या जाडीचा आकडा) साध्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेल्या, होत्या, आवाज चकचकीत, झणझणीत, रॉक-पॉपला मस्त, पण मला तो नको होता. डॅडारिओ क्रोम्सचा अकराचा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेला, सेट टाकला. यात तिसरी तार पण गुंडाळलेली असते, साधी नाही, त्यामुळे नटमधली (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) तिची खाच अरुंद पडते आणि तार अडकून ट्यूनिंग टुणकन उडी मारतं. खाच कारागिराकडून रुंद करून घ्या, घरी कानशीने खेळू नका, एकदा खोल गेली की नट बदलावा लागतो. त्याच वेळी ब्रिजवरचे सॅडल (तारांचे छोटे टेकू) सरकवून इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) पण लावून घेतलं, जाड तार आली की ते बदलतंच. हे सगळं झाल्यावर पहिल्यांदा गळ्याजवळच्या पिकअपवर (तारांचा आवाज उचलणारं चुंबक-कॉइल) टोनचा नॉब चारवर आणून अंगठ्याने एक मायनर सेव्हन वाजवला आणि हसूच आलं, कारण हाच तो आवाज. बाराच्या पण मध्ये लावून बघितल्या, स्वराला वजन जास्त येतं पण बार कॉर्डला डावा हात भरून येतो, परत अकरावर आले. फ्लॅटवाउंड महाग असतात हे खरं, पण टिकतात खूप, आणि जुन्या होत जातात तशा आणखी छान वाजतात. गणपतीच्या आसपास लावलेल्या अजून काढलेल्या नाहीत.

तारा बदलताना मात्र एकावेळी एकच काढायची. मागे ट्रॅपीझ टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा, बॉडीच्या कडेला टांगलेला भाग) आहे, सगळ्या तारा सैल केल्या की तो लोंबकळतो आणि एक बसवेपर्यंत दुसरी निसटते, वैताग नुसता. त्याच टेलपीसमुळे आणखी एक, ब्रिजच्या मागे तारांचा लांब तुकडा मोकळा राहतो आणि कॉर्ड मध्येच थांबवल्यावर तो मागे बारीक झिणझिणत राहतो. बिनअ‍ॅम्पचं वाजवताना तो बरा वाटतो, अ‍ॅम्पमध्ये नको होतो. शिलाईच्या डब्यातली फेल्टची पट्टी तारांमधून वरखाली विणून टाकली, संपलं काम.

पिकअप पी-९०, दोन. हे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे आहेत, दोन वेटोळ्यांच्या हंबकरसारखा गडद मऊ आवाज यातून येणार नाही, स्वराला थोडी धार असते, आणि मला ती आवडायला लागलीय कारण बास आणि पियानोच्या गर्दीत गिटार कुठेय ते कळतं. व्हॉल्यूम सातवर आणलं की एकदम स्वच्छ होतात. अ‍ॅम्प माझ्याकडे रोलँडचा मायक्रो क्यूब आहे, जेसी क्लीन या स्वच्छ आवाजाच्या सेटिंगवर, रिव्हर्ब (घुमारा) किंचित, बाकी काही नाही.

सिंगल कॉइल म्हणजे हम (विजेची गुणगुण) आलाच. आणि आपल्या घरांत तो येतो कुठून हे शोधायला मला बराच काळ लागला म्हणून लिहिते, पंख्याचा रेग्युलेटर! जुना फिरवायचा इलेक्ट्रॉनिक डिमर टाइपचा असेल तर दोन-तीनवर पंखा असताना नुसता गुरगुराट, फुल केला की जवळजवळ गायब. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवून घेतला, तो काही फार महाग नसतो. उरलेला हम खुर्ची थोडी फिरवली की कमी होतो, एक ठरावीक दिशा सापडते जिथे तो सगळ्यात कमी असतो. लॅपटॉपचा चार्जर पण लांब ठेवा. आणि तारांना हात लावल्यावर हम कमी होणं नॉर्मल आहे, पण हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो हम नाही, जागेचं अर्थिंग गेलंय, तिथे वाजवू नका. प्लगची अर्थची पिन काढून हम घालवायचा सल्ला देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

आता फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून हुंकार उठणं. एकट्याने किंवा बास आणि गिटार अशा दोघांत काहीच त्रास नाही. ब्रशने वाजवणारा ड्रमर असेल तरी निभतं. पण एकदा एका हॉलमध्ये जोरकस ड्रमर होता, अ‍ॅम्प नेमका माझ्या पाठीमागे, आणि जाड तारेवरच्या जी आणि ए च्या आसपास गेलं की गिटार स्वतःच हुंकार द्यायला लागायची. पोकळ बॉडी आहे, आतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो आणि तो लागला की ती गातेच, हा दोष नाही, जातच तशी. उपाय म्हणजे अ‍ॅम्प बाजूला आणि अंगाच्या आडोशाला, बास कमी, आणि एफ-होलमध्ये (बॉडीवरची एफ आकाराची भोकं) काळ्या फोमचे तुकडे खोचायचे. एवढ्याने बरंच आटोक्यात येतं. तरीपण तुमचा बँड जोरात वाजवणारा असेल, ब्रास वगैरे असेल, तर सरळ ३३५ सारखी ठोकळेवाली घ्या, उगाच झगडू नका.

पावसाळ्याची भीती होती, तीच सगळ्यात कमी खरी ठरली. बॉडी लॅमिनेटेड मेपलची आहे, म्हणजे प्लायवूडच, आणि लोक यावर नाक मुरडतात. पण ईएस-१७५ पण लॅमिनेटेडच होती हे ते विसरतात, आणि आपल्याकडच्या हवेत हा फायदाच आहे. कोरीव अखंड लाकडाची आर्चटॉप दमट-कोरड्यात हलते, तडे जायची भीती असते, प्लायला तेवढं काही होत नाही. हिची फक्त मान हलली, जुलैत अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर आली, ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक लावायची सळई) अगदी थोडा फिरवून घेतला आणि दिवाळीनंतर परत तेवढाच उलटा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्तातला हायग्रोमीटर, बस.

सेकंडहँड बघायला गेलात तर मोबाइलचा टॉर्च एफ-होलमधून आत मारून बघा, सोल्डरिंग कुणी छेडलंय का, आत काही सुटलंय का. आणि सगळे नॉब फिरवा, स्विच हलवा, जॅकमध्ये वायर हलवून बघा. कारण हिच्यात मागून उघडायचं झाकण नाही, एक पॉट (नॉबखालचा विजेचा भाग) बदलायचा तरी दोरे बांधून सगळं एफ-होलमधून बाहेर ओढायचं आणि तसंच परत बसवायचं, हे काम करायला दोन जणांनी मला चक्क नाही म्हटलं. माझा जॅक सैल झाला होता. नुसता बाहेरचा नट आवळत बसलात तर आत जॅक गोल फिरतो आणि वायर तुटते, तो आतून धरूनच आवळायचा.

मान सोळाव्या फ्रेटला जोडलेली आहे, त्यामुळे वरचे चार-पाच फ्रेट जवळजवळ शोभेचे. जॅझला मला तिथे काम पडत नाही, तुम्हाला सोलोत वर चढायची सवय असेल तर आधी वाजवून बघा.

केस ३३५ च्या मापाची बसते, बाह्याकार तोच आहे. पण हार्ड केस घेऊन लोकलमध्ये चढणं अशक्य, आणि मऊ बॅगेत धक्का लागला तर या घडणीच्या महोगनी माना हेडस्टॉकपाशीच (खुंट्या असलेलं टोक) तुटतात, हेडस्टॉक मागे कललेला असतो ना, म्हणून. जाड फोमची बॅग घेतलीय, दुपारच्या रिकाम्या गाडीला लेडीज डब्यात मांडीवर धरून जाते, आणि संध्याकाळची प्रॅक्टिस असेल तर रिक्षाचे पैसे मोजते.