थंडीत घरात शिरणारे उंदीर: चाप, विष, ग्लू पॅड की आधी भोकं बुजवायची?

बाहेर पारा शून्याकडे सरकायला लागला की आठ-दहा दिवसांतच भिंतीतून ती बारीक खुडखुड ऐकू येते, आणि मग माणूस रात्री अकरा वाजता फोनवर शोधत बसतो की विष आणू, सापळा आणू की सरळ पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू. मी गेल्या काही हिवाळ्यांत हे सगळंच करून पाहिलंय, त्यामुळे ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: पहिला खर्च आणि पहिला रविवार भोकं बुजवण्यावर घाला, मारायला साधा लाकडी चाप घ्या, आणि घराच्या आत विष ठेवू नका.

घाई का करायची ते पण सांगतो. उंदीर हिवाळ्यात झोपून राहत नाही, त्याला ऊब आणि रोज जेमतेम ३ ग्रॅम खाणं लागतं, म्हणजे टोस्टरखाली पडलेला चुरा सुद्धा पुरतो. मादीला दिवस गेले की साधारण १९ ते २१ दिवसांत पाच-सहा पिल्लं होतात आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण काढायला तयार. म्हणून ‘एकच तर दिसला’ असं म्हणून महिनाभर थांबणं महागात पडतं.

आता भोकं बुजवणं विरुद्ध मारणं. नुसतं मारत राहिलात तर दार उघडं ठेवून घर झाडण्यासारखं आहे, एक गेला की दुसरा येतो. घरातल्या छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे साधी पेन्सिल जिथे आत जाते तिथे तो जातो. मी पेन्सिल खिशात घेऊनच घराभोवती फिरतो. गॅस आणि पाण्याच्या पाइपाभोवतीची फट, बाहेरच्या एसीची नळी आत जाते ती जागा, साइडिंगची (बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यांच्या आवरणाची) खालची कड, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे गॅरेजच्या दाराखालच्या रबराचे दोन कोपरे, ते थंडीत कडक होऊन उचलले जातात आणि तिथे कुरतडल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. कडाक्याची थंडी असेल त्या दिवशी बेसमेंटमध्ये भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कडेने उघडा हात फिरवा, जिथे गार वारा बोटांना लागतो तिथे बाहेरपर्यंत जाणारी फट असते आणि उंदीर तिथूनच आत येऊ शकतो.

बुजवायला काय वापरायचं यात लोक फसतात. फोम स्प्रे मारला की फट बंद दिसते, पण उंदीर तो आरामात कुरतडतो. स्टील वूल चांगलं, पण ओल लागली की गंजून भुगा होतो, म्हणून बाहेरच्या बाजूला मी तांब्याची जाळी गच्च कोंबतो आणि वरून सीलंट लावतो. एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) धुराचा पाइप आणि कपडे वाळवायच्या ड्रायरचा व्हेंट (गरम हवा बाहेर टाकणारी नळी) असा कशानेही कोंबायचा नाही, धुराच्या पाइपात अडथळा आला तर विषारी वायू घरात येऊ शकतो आणि ड्रायरच्या व्हेंटला बारीक जाळी लावली तर कपड्यांचा कापूस साचून आग लागू शकते. आणि बुजवताना आतमध्ये चाप लावलेले हवेतच, कारण जे आधीच आत आहेत ते आता आतच अडकणार.

मग चाप की विष? विष सोपं वाटतं, पुडी ठेवली की झालं, मेलेलं बघावं लागत नाही. मी पण त्याच कारणाने ठेवलं होतं. उंदीर संपले खरे, पण त्यातला एक सिंकमागच्या भिंतीत मेला, ऐन थंडीत, खिडक्या बंद, हीटर चालू, आणि तो वास जवळजवळ तीन आठवडे गेला नाही. पाकिटावाल्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात की विष खाल्लं की उंदराला तहान लागते आणि तो बाहेर जाऊन मरतो, तर असं काही होत नाही. नेहमीची विषं रक्त गोठू देत नाहीत, परिणाम व्हायला काही दिवस लागतात आणि तो अशक्त होऊन आपल्या बिळातच, म्हणजे तुमच्या भिंतीत मरतो. वर घुबड किंवा मांजराने असा उंदीर खाल्ला तर विष पुढे त्यांच्या पोटात जातं. कुत्र्याने पुडी खाल्ली तर पाकीट घेऊनच डॉक्टरकडे पळा, कारण ब्रोडिफॅकम किंवा ब्रोमॅडिओलोन (रक्त गोठू न देणारी विषं) असेल तर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, पण ब्रोमेथालिन (मेंदूवर परिणाम करणारं विष) असेल तर त्याला उताराच नाही. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर माझ्या मते हा मुद्दा इथेच संपतो.

चापाला ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणणारे बहुतेक जण तो चुकीचा ठेवतात. खोलीच्या मध्ये, किंवा भिंतीला समांतर, आणि वर खाण्याचा मोठा गोळा. उंदीर भिंतीला मिशा घासत कडेकडेने पळतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात, खाणं असलेलं टोक भिंतीला टेकवून ठेवायचा. पीनट बटर वाटाण्याएवढंच, आणि ते चापाच्या खाणं लावायच्या पट्टीच्या फटीत दाबून, नाहीतर तो चाटूनपुसून निघून जातो. थंडीत आणखी एक युक्ती चालते, खाण्याऐवजी कापसाचा किंवा सुताचा धागा पट्टीला घट्ट बांधायचा, घरटं करायला मादी तो ओढते आणि चाप पडतो. आणि एक-दोन चाप लावून काही होत नाही! उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब फिरत नाही, तीन ते दहा मीटर, त्यामुळे जिथे लेंड्या दिसतात तिथे दोन-दोन मीटरवर, एकदम आठ-दहा लावा. पहिल्या तीन रात्रींत जे काम होतं ते पुढच्या तीन आठवड्यांत होत नाही.

ग्लू पॅड, म्हणजे चिकट गोंद लावलेला पुठ्ठा, मी घेत नाही आणि घेऊ पण नका असंच सांगेन. उंदीर त्यावर तासन् तास जिवंत तडफडतो आणि शेवटी त्याला संपवायचं काम तुमच्यावरच येतं, शिवाय गारठलेल्या धुळकट गॅरेजमध्ये गोंद नीट चिकटत पण नाही. इंग्लंडमध्ये तर ३१ जुलै २०२४ पासून लायसन्सशिवाय उंदरांसाठी ते लावणं गुन्हा आहे. पिंजरा दयाळू वाटतो पण दर काही तासांनी बघायला हवा, आणि पकडलेला उंदीर बर्फात सोडला तर तो बहुतेक थंडीनेच मरतो, जवळ सोडला तर परत येतो. आणि ते प्लगमध्ये लावायचे अल्ट्रासोनिक डबे (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवतो म्हणणारे), त्यांचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि उंदरांना त्याची सवय होते, २००१ मध्येच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) साठहून जास्त उत्पादक आणि विक्रेत्यांना पुराव्याशिवाय दावे करू नका म्हणून ताकीद दिली होती.

साफसफाई करताना लेंड्या झाडू नका, व्हॅक्यूम पण नको, धूळ उडते. खिडकी उघडून अर्धा तास बाहेर थांबा, मग ग्लोव्हज घालून एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं मिसळून शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या आणि पेपर टॉवेलने उचला. उत्तर अमेरिकेत राहत असाल तर हे जास्तच पाळा, कारण तिथला पांढऱ्या पोटाचा, मोठ्या डोळ्यांचा डिअर माउस हंटाव्हायरस पसरवतो, हा फुप्फुसांचा जीवघेणा आजार करणारा विषाणू लेंड्यांच्या धुळीतून श्वासात जाऊ शकतो.

किड्यांचं गणित वेगळं आहे. माळ्यावर किंवा खिडकीत हिवाळ्यातल्या उन्हाच्या दिवशी सुस्त माश्या, स्टिंक बग नाहीतर लाल-काळे बॉक्सएल्डर बग दिसले तर ते घरात वाढत नाहीत, शरद ऋतूत निवाऱ्याला आलेले असतात. इथे स्प्रे मारण्यापेक्षा व्हॅक्यूम कधीही बरा, कारण भिंतीच्या आत किडे मेले की ते खायला कार्पेट बीटल (गालिचे, लोकर खाणारे छोटे भुंगे) येतात. स्प्रेचा उपयोग असलाच तर उन्हाळा संपताना, बाहेरच्या भिंतीवर.

मोठे काळे मुंगळे मात्र गंभीरपणे घ्या. बाहेर बर्फ असताना घरात मुंगळे फिरतायत, विशेषतः पंखवाले, याचा अर्थ वारूळ घरातच कुठेतरी ओल्या लाकडात आहे. ते लाकूड खात नाहीत, पोखरतात, आणि भुसा बाहेर टाकतात. वाळवी समजून घाबरण्याआधी कंबर बघा, मुंगळ्याची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब, वाळवीची कंबर सरळ आणि चारही पंख सारखे. स्प्रेने दिसणारे तेवढे मरतात, वारूळ तसंच राहतं, त्यामुळे बेट (मुंगळे वारुळात घेऊन जातात ते विषारी खाद्य) ठेवा आणि गळती शोधून दुरुस्त करा.

माणूस कधी बोलवायचा? मुंगळे, वाळवी, ढेकूण असतील तर लगेच बोलवा. उंदरांसाठी दोन आठवडे स्वतः नीट चाप लावून पण रोज नव्या लेंड्या दिसत असतील तर बोलवा, पण पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही फटी बुजवणार का, आणि कुठल्या ते लिहून देणार का. फक्त दर महिन्याला विषाचे डबे भरायचं कॉन्ट्रॅक्ट देत असतील तर दुसऱ्याला फोन लावा.

सगळं झालं की भिंतीच्या कडेला टॅल्कम पावडरचा पातळ थर पसरून ठेवा. सलग दोन आठवडे त्यावर पावलं उमटली नाहीत की आतले चाप उचला, दोन तेवढे गॅरेजच्या दाराच्या कोपऱ्यांत राहू द्या आणि वसंत येईपर्यंत दर रविवारी बघत जा.