रॅकहॅम घ्यावा की बिलिबिन?

परीकथांचं एकच देखणं पुस्तक घ्यायचं, तेही चित्रांसाठी, असं ठरवलं की गाडी बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन अडते. एक लंडनचा आर्थर रॅकहॅम, दुसरा पीटर्सबर्गचा इवान बिलिबिन. दोघांचीही बरी पुनर्मुद्रणं मिळतात. माझ्याकडे दोघंही आहेत, पण हात एकाकडेच जास्त जातो. कारण सांगतो. ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

चित्रकार म्हणून रॅकहॅम मोठा, यात वाद नको. विम्याच्या कचेरीत कारकुनी करत संध्याकाळच्या वर्गांत शिकलेला हा माणूस झाडं काढायला बसला की झाडांना स्वभाव फुटतात. मुळांची बोटं होतात, खोडाच्या गाठीतून कुणीतरी डोळे मिचकावतं. रंग मातकट, धुक्यातले. आधी शाईची रेघ आणि वर पातळ रंगांचे थर, ही त्याची पद्धत नुसती आवड म्हणून नव्हती. त्या काळच्या तीनरंगी छपाईत ठसा किंचित सरकला तरी काळी रेघ आकार धरून ठेवायची. शिवाय त्याला विनोद आहे. त्याच्या बुटक्यांच्या नाकांकडे बघूनच हसू येतं. बिलिबिनकडे हे नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मग अडतं कुठे? चित्र आणि गोष्ट एका जागी नसतात, तिथे.

त्याचं 1906 चं पीटर पॅनचं पुस्तक घ्या. रंगीत चित्रं 50, आणि सुरुवातीचं एक सोडलं तर बाकी सगळी मजकूर संपल्यावर, मागे एकगठ्ठा. एकेक चित्र जाड कागदावर चिकटवलेलं, वर पातळ कागदाचा पडदा. हा थाट हौसेचा होता तसाच नाइलाजाचाही. तीनरंगी छपाईचे बारीक ठिपके नीट उठायला गुळगुळीत, चकचकीत कागद लागायचा. मजकूर साध्या कागदावर, म्हणजे चित्रं वेगळी छापून नंतर जोडायची. नाताळात भेट द्यायच्या महागड्या पुस्तकांचा तो जमाना होता. दिवाणखान्यात मिरवायला ही मांडणी झकास.

मांडीवर पोर घेऊन वाचायला मात्र वैताग. मी भाचीला वाचताना जागच्या जागी मराठी करत सांगतो. रंगात आलं की ती विचारते, "चित्र कुठाय, मामा?" मग एक बोट मजकुरात अडकवून मागे चाळत सुटायचं. सापडेपर्यंत वाटेत दुसरीच चार चित्रं दिसतात आणि ती म्हणते, "हे कोण? हिचं काय होतं?" पुढचं सगळं आधीच फुटलेलं. आताच्या काही आवृत्त्यांत चित्रं अधेमधे घातलेली असतात, पण बांधणीत जिथे जमेल तिथे. माझ्याकडच्या, रॅकहॅमच्याच चित्रांच्या, ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या प्रतीत मुलं अजून जंगलात वाट शोधत असतात आणि चेटकीण चार पानं आधीच दारात येऊन उभी राहते! मोठ्यांना हे क्षुल्लक वाटेल. मला एका बैठकीत दोन-तीनदा झालं की पुस्तक मिटावंसं वाटतं.

गंमत म्हणजे हस्तलिखितांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. लेखनिक जागा सोडायचा आणि चित्रकार ती भरायचा. मोठ्या आद्याक्षराच्या पोटातच प्रसंग रंगवलेला असायचा. ब्रिटिश लायब्ररीतलं लटरेल साल्टर हे चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं स्तोत्रांचं पुस्तक. त्यात स्तोत्राच्याच पानावर, ओळींखाली, नांगरणी-पेरणी चाललेली असते आणि समासात भलतेच विचित्र प्राणी हिंडत असतात. नजरेला कुठे जावं लागत नाही. छपाई आल्यावरही सुरुवातीला हे टिकलं, कारण लाकडी ठसा आणि खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, दोन्ही उठावाचे, एकाच दाबात छापले जाणारे. तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीवकाम आलं आणि फाटाफूट झाली. त्यात शाई खाचेत राहते, तिला वेगळं, रुळांचं यंत्र लागतं. म्हणून चित्राला बहुधा वेगळं पान मिळू लागलं. रॅकहॅमच्या वाट्याला आलं ते त्याच घटस्फोटाचं पुढचं, रंगीत रूप.

बिलिबिन इथे जिंकतो, निदान माझ्या घरात. 1901 ते 1903 या काळात त्याच्या सहा रशियन लोककथा मोठ्या आकाराच्या पातळ पुस्तिकांतून आल्या. छापल्या कुणी, तर नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्याने, आणि ते काम दिसतंही. ठसठशीत काळी कड, आत सपाट रंग, भोवती फुलापानांची, भरतकामावरून आणि लाकडी कोरीवकामावरून सुचलेली चौकट. मित्र त्याला चेष्टेने 'इवान लोखंडी हात' म्हणत, इतकी ती रेघ ठाम. चौकट, चित्र, अक्षरं सगळं एका हाताने मांडल्यासारखं वाटतं. पूर्ण पानाचं चित्र असलं तरी गोष्ट शेजारीच असते. वासिलिसाच्या गोष्टीत पांढरा, तांबडा आणि काळा असे तीन घोडेस्वार जातात. ते आले की भाची स्वतःच बोट ठेवते आणि कोण दिवस, कोण सूर्य, कोण रात्र हे मलाच सांगते. माझं बोट मोकळं.

उणीवा आहेत. त्याची माणसं ताठ उभी राहतात, चेहरे फारसे हलत नाहीत. बाबा यागा या रशियन चेटकिणीच्या कुंपणावरची कवट्या-हाडं फार लहान मुलांना झेपतीलच असं नाही. गोष्टी थोड्या, त्यामुळे पैशाच्या मानाने पुस्तक किरकोळ वाटू शकतं. सोव्हिएत काळात मराठीत आलेल्या स्वस्त रशियन बालपुस्तकांवर जे वाढले, त्यांना ही दुनिया ओळखीची वाटेल. माझा कल त्यामुळेही असेल, नाकारत नाही.

घेताना एवढं बघा. बिलिबिनची छोट्या आकाराची प्रत घेऊ नका. मूळ पुस्तिका सुमारे 32 सेंटिमीटर उंच होत्या, आणि लहान केल्यावर चौकटीतलं नक्षीकाम गिचमिड होतं. काही प्रकाशक तर चौकट कापूनच टाकतात. ती प्रत फुकट मिळाली तरी नको. रॅकहॅम लहान आकारातही बऱ्यापैकी तगतो. घरात वाचणारं पोर दहा-बारा वर्षांचं असेल, स्वतः वाचून नंतर निवांत चित्रं बघणारं असेल, तर रॅकहॅम खुशाल घ्या, माझी तक्रार त्याला शिवणारही नाही. आणि लहान मुलासाठी रॅकहॅमच हवा असा हट्ट असेल, तर त्याची 1919 ची सिंड्रेला शोधा. तिच्यात बहुतेक काळ्या छायाकृती आहेत, मजकुराच्या पानांवरच छापलेल्या, आणि मागे चाळावं लागत नाही.