गोकाक-बदामी-हंपी-जोग रूट : दहा महिन्यांत तीनदा केला, आता सांगतो

कोल्हापुरातनं गाडी काढून हा रूट मी आत्तापर्यंत तीनदा केलाय. पहिल्यांदा गेल्या सप्टेंबरात गणपती झाल्यावर, मग जानेवारीत आई आणि मामीला घेऊन आणि आत्ता जुलैअखेरीस मित्रांबरोबर. पहिल्या फेरीनंतरच लिहिणार होतो पण बरं झालं थांबलो, कारण महिना बदलला की तीच ट्रिप पार वेगळी निघते.

जुनी देवळं थंडीत बघायची आणि धबधबे पावसात, असं सगळे सांगतात, म्हणून लोक दोन वेगळ्या ट्रिपा काढतात. माझं मत विचाराल तर सप्टेंबर धरा, दोन्ही एकाच फेरीत होतं, पण सहा दिवस पाहिजेत. चार दिवसांत बसवायला जाऊ नका, नुसती गाडीच चालवत बसाल.

पहिला थांबा गोकाक. निपाणी, संकेश्वर करत सकाळी दहापर्यंत पोचतो आपण. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली पडते, घोड्याच्या नालाच्या आकारात, आणि समोर जुना झुलता पूल. हिरण्यकेशी पुढं घटप्रभेलाच मिळते, म्हणजे आंबोली-आजऱ्याचं पाणी तिथं कोसळताना बघतोय आपण, हे लक्षात आल्यावर मला ते पाणी आपल्या घरचं वाटायला लागलं. जुलैत पाणी चहासारखं लाल आणि आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, जानेवारीत मात्र नुसता काळा कातळ. काठावरचं चालुक्यांच्या काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ बघायला कोण थांबत नाही, तुम्ही थांबा. आणि गावातनं करदंट घ्या, सुक्या मेव्याची मिठाई असते ती.

बदामीला पोचेपर्यंत पाऊस बराचसा मागं सुटलेला असतो, त्यामुळं सप्टेंबरात लेण्या आरामात होतात. संध्याकाळच्या उन्हात तो तांबडा दगड अगस्त्य तलावात उतरतो तेव्हा कॅमेरा खाली ठेवून बसायचं. माकडांपासून पिशवी सांभाळा, मामीच्या हातातली केळी गेली. दुसरा दिवस पूर्ण ऐहोळे आणि पट्टदकलला द्या. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीनं बांधून घेतलं, नवऱ्यानं, म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्यानं कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. ऐहोळेत सगळे दुर्ग मंदिराचा फोटो काढून परत फिरतात, पण मेगुटीच्या टेकडीवर चढाच. तिथल्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा ६३४ सालचा शिलालेख आहे, बदामीच्या चालुक्य राजाची, दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती, त्यात हर्षाच्या पराभवाबरोबर तीन महाराष्ट्रक आणि त्यांच्या ९९ हजार गावांचा उल्लेख आहे. अक्षरं वाचता येत नव्हती मला, तरी अर्धा तास तिथनं हललो नाही. आपलं नाव चौदाशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं कोरलंय हो.

हंपीला दोन दिवस पाहिजेतच. होस्पेटला एका हॉटेलनं बुकिंग करूनही ओल आलेली रूम दिली आणि पैसे परत द्यायला महिना लावला, त्यामुळं रूम बघूनच पैसे द्या. जुलैत तुंगभद्रा धरणातनं पाणी सोडलेलं, नदीकाठचा पुरंदर मंडप पाण्यात होता आणि पुट्टी, म्हणजे टोपलीसारखी गोल होडी, बंद, म्हणजे पलीकडं जायला लांबचा वळसा. विठ्ठल मंदिराचा दगडी रथ पन्नासच्या नोटेवर रोज बघतो आपण, पण मला आठवतं ते आतलं. गाभारा रिकामा आहे. पंढरीचा विठोबा इथं आणला होता आणि भानुदास महाराजांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी तो परत नेला, ही गोष्ट आईनं लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. तिनं चप्पल बाहेर काढली, त्या मोकळ्या गाभाऱ्यापुढं डोकं टेकवलं आणि बराच वेळ उठलीच नाही. आम्ही कोणच काही बोललो नाही.

हंपी ते जोग अख्खा दिवस जातो, रात्री सागरला राहा. जोग २५३ मीटर, राजा, राणी, रोअरर, रॉकेट अशा चार धारा. शरावतीवर वरच्या बाजूला लिंगनमक्की धरण झालं १९६४ ला आणि पाणी विजेसाठी वळतं, त्यामुळं जानेवारीत चार दोऱ्या लोंबकळल्यागत दिसतात, आईला दाखवायला नेलं आणि मला वाईट वाटलं. जुलैत उलटं, आवाज छातीत घुमतोय आणि समोर पांढरं धुकं, तीन तास छत्री धरून थांबलो तेव्हा कुठं दहा मिनिटं सगळं उघडलं. सप्टेंबरात पाणी भरपूर होतं आणि धुकं येऊन जाऊन होतं. पोचल्या पोचल्या काही दिसलं नाही म्हणून गाडी फिरवू नका, तासभर थांबा.

परत येताना सागरजवळच्या इक्केरी-केळदीला मी दोनदा घाईत गेलो, ते चुकलं. जिंजीला निघालेल्या राजाराम महाराजांना औरंगजेबाचं सैन्य मागावर असताना केळदीच्या राणी चेन्नम्मानं १६८९ मध्ये आसरा दिला आणि मुघलांशी वैर घेतलं. ताराराणींच्या कोल्हापुरातनं जाऊन तिथं आपण वीस मिनिटं थांबायचं, हे काय बरोबर नाही. यंदा विसर्जन झालं की परत निघतोय, केळदीला अख्खा दिवस ठेवलाय आणि आईला भरलेला जोग दाखवायचाय.