१/३२ मिग-२१ : रेझिनचा दुरुस्ती संच घ्यावा का?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ हे लढाऊ विमान भारतीय वायुसेनेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या अनेकांनी १/३२ प्रमाणातले त्याचे प्लास्टिक मॉडेलचे किट मागवले. नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असल्यामुळे हे विमान इथल्या कितीतरी घरांत ओळखीचे आहे, आणि ज्याने प्रत्यक्ष विमानावर हात चालवला आहे, असा माणूस मॉडेलसमोर उभा राहिला की त्याची नजर आधी नाकावर जाते. म्हणूनच हे परीक्षण मुख्यतः नाकाविषयी आहे. किट एका परदेशी कंपनीचे आहे आणि त्यासाठी निघालेला रेझिनचा दुरुस्ती संच, म्हणजे किटमधल्या भागांऐवजी बसवायचे ओतीव भाग, दुसऱ्या एका कंपनीचा आहे. संचाची किंमत किटच्या जवळपास निम्मी असल्याने तो घ्यावा का, हा प्रश्न रास्त आहे.

किट मोठे आहे. नाकापुढे आलेली, हवेचा वेग मोजणारी पिटो नळी धरून मॉडेल जवळजवळ अर्धा मीटर लांब होते. पंखांचा विस्तार मूळ विमानात ७.१५ मीटर असतो, म्हणजे मॉडेलमध्ये तो २२३ मिलिमीटरच्या किंचित वर यायला हवा, आणि तो तसा येतो. मुख्य चाकाचा मूळ व्यास ८०० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २५. तोही बरोबर आहे. पंखाच्या पुढच्या कडेचा ५७ अंशांचा तिरकेपणा कोनमापकाला उतरतो. एवढे सगळे जमल्यावर नाकाच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये धड गरजेपेक्षा जास्त निमुळते का केले, हे कळत नाही. हवा आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास सुमारे एक मिलिमीटरने कमी पडतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण १/३२ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ३२ मिलिमीटर, आणि मिग-२१ चा चेहरा म्हणजे हे तोंड आणि त्यातला शंकूच असल्यामुळे समोरून पाहताना विमान चिमटल्यासारखे दिसते. तोंडाची कडादेखील मूळ विमानात पातळ आणि धारदार असते. किटमध्ये ती दीड मिलिमीटर जाड आहे.

दुरुस्ती संचाविषयी माझी मुख्य तक्रार इथेच आहे. त्यात वैमानिकाचे केएम-१ इजेक्शन आसन आहे, बाजूच्या पॅनलांसह संपूर्ण कॉकपिट आहे, चाके आहेत, इंजिनाचे मागचे नोझल आहे आणि तोंडाची नवी कडाही आहे. कॉकपिटचे काम अतिशय सुरेख आहे. आसनाच्या पट्ट्यांची शिवणसुद्धा भिंगाखाली दिसते. परंतु नवी कडा किटच्या चुकीच्या व्यासावर घट्ट बसेल अशा मापाची बनवली आहे, त्यामुळे ती पातळ असली तरी तोंड तेवढेच लहान राहते. संच विमानाचे माप घेऊन नव्हे, तर किटचे माप घेऊन तयार झाला आहे. दुरुस्ती या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूने निदान मूळ दोष तरी कायम ठेवू नये, असे मला ठामपणे वाटते.

नाक घरी दुरुस्त करता येते आणि त्याला पैशांपेक्षा धीर जास्त लागतो. धडाचे दोन अर्धे भाग जोडताना वरच्या आणि खालच्या जोडात प्लास्टिक कार्डाची (पातळ प्लास्टिक पत्र्याची) पाचरीसारखी पट्टी घालावी, जी तोंडाशी एक मिलिमीटर जाड असेल आणि विंडस्क्रीनपाशी शून्यावर येईल. याने रुंदी वाढते. उंची पुट्टीने वाढवावी लागते. मोटारींच्या रंगाच्या दुकानांत मिळणारी एनसी पुट्टी एकदम जाड थरात लावू नये, कारण तिच्यातला थिनर उडून गेल्यावर ती आकसते. पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. घासताना जाड पुठ्ठ्यात कंपासने योग्य व्यासाचे भोक कापून तो पुठ्ठा नाकावर सरकवावा आणि मागे दिवा धरावा. जिथून उजेड येतो तिथे अजून भर हवी, आणि जिथे पुठ्ठा अडतो तिथे उंचवटा आहे. जोड घासताना गोल धड नकळत चपटे होते, तो दोषही याच उजेडात लगेच दिसतो. कडा मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवर ॲल्युमिनियमची काढून घेतली. मूळ विमानातही हा भाग बहुधा उघड्या धातूचाच असल्याने तिला रंग लागत नाही.

माप पडताळताना विमानाच्या छापील आराखड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. छापताना प्रमाण बदलते, म्हणून आधी पंखांचा विस्तार मोजून घ्यावा. छायाचित्र दुरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेले निवडावे. जवळून काढलेल्या चित्रात नाक फुगते आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

रिव्हेटांची भोके सुमारे ०.३ मिलिमीटरची, म्हणजे प्रत्यक्षात जवळपास सेंटिमीटरभर रुंद ठरतात. ती दाट प्रायमरने अर्धी बुजवणे पुरेसे आहे. कॅनोपीचा, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचा, माथा किंचित बसका आहे, पण तो मी तसाच ठेवला, कारण पारदर्शक भाग तापवलेल्या प्लास्टिकातून नव्याने ओढण्याचा खटाटोप मिळणाऱ्या फरकाच्या मानाने फार मोठा आहे.

पेटीवरच्या चित्राला भुलून १९७१ च्या युद्धातले एफएल, म्हणजे मिग-२१ ची आधीची आवृत्ती, करण्याचा विचार असेल, तर हे किट उपयोगाचे नाही. हे त्यानंतरच्या एम आणि एमएफ आवृत्त्यांच्या पिढीचे विमान आहे. त्याची कॅनोपी उजवीकडे उघडते, पिटो नाकाच्या उजव्या बाजूला असते आणि पोटात २३ मिलिमीटरची दुनळी तोफ असते. एफएलची कॅनोपी पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, पिटो वर मध्यभागी आणि पाठीचा उंचवटाही सडपातळ. अंगची तोफ नसल्याने त्याला पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड लावत असत. इतके बदल करणे म्हणजे नवे विमान बांधणेच होय. नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेले टाइप ९६, म्हणजे भारतात बांधलेले मिग-२१ एम, करायचे असल्यास मात्र पाया योग्य आहे.

ज्यांना कॅनोपी उघडी ठेवायची आहे, त्यांनी कॉकपिटसाठी संच अवश्य घ्यावा. ज्यांना ती बंद ठेवायची आहे, त्यांनी त्या पैशांत प्लास्टिक कार्ड, पुट्टी आणि बारीक वॉटर पेपर आणावेत. रेझिन घासताना मास्क लावावा आणि कागद ओला ठेवावा, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते. प्लास्टिक जोडायचा सिमेंट (मॉडेलचा गोंद) रेझिनला धरत नाही, तिथे सुपरग्लूच लागतो. रंगकाम नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे. मे महिन्यात रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आणि खरखरीत बसतो, तर पावसाळ्यात लॅकरवर पांढरट सावट येते. पिटो किटमधली न वापरता पितळी नळीची करावी आणि मॉडेल कपाटात ठेवण्याच्या वेळीच बसवावी.