कढईच्या बदल्यात न दिलेला फोन: पोको एफ१ वर लिनिएज, नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत खालून हाक आली. म्हणजे हाक कसली, स्कूटरला बांधलेल्या भोंग्यावरचं रेकॉर्डिंग. "जुना मोबाईल, बंद मोबाईल, फुटका मोबाईल द्या, भांडी घ्या." लहानपणी आमच्याकडे बोहारीण यायची, आईच्या जुन्या साड्या उलटसुलट करून बघायची आणि घासाघीस करून एक पातेलं टेकवायची. साडीच्या जागी आता मोबाईल आलाय, इतकाच फरक. शेजारच्या काकूंनी तीन बंद फोन देऊन झाकणाचा डबा घेतला. मीही कपाटातला पोको एफ१ घेऊन जिना उतरले.

"चालू आहे का?" त्याने विचारलं. म्हटलं, सुरू होतो, पण चार्जरवरून काढला की तासाभरात मान टाकतो. त्याने एक छोटी कढई पुढे केली. २०१८ साली याच फोनला मी २०,९९९ रुपये मोजले होते. कढई बघून उगाचच आपला अपमान झाल्यासारखं वाटलं आणि मी परत वर आले.

वर आल्यावर लक्षात आलं, फोन रिसेटसुद्धा केला नव्हता. सगळे फोटो, आधारकार्डाचा स्कॅन, बँकेचे मेसेज, सगळं तसंच. असे फोन पुढे कुठे जातात? बरेचसे दिल्लीच्या सीलमपूरसारख्या बाजारात, जिथे हाताने सुटे केले जातात. आणि काही भलतीकडे. २०२४ मध्ये तेलंगणात पोलिसांनी असे गावोगाव गोळा केलेले हजारो फोन पकडले, ते सायबर फसवणूक करणाऱ्यांकडे निघाले होते. कढई फार महागात पडली असती.

तर हा अनुभव त्या फोनचा, आणि त्यावर बसवलेल्या लिनिएज या मोफत प्रणालीचा. २०२४ च्या दिवाळीत काम सुरू केलं, आता गणपती तोंडावर आलेत. मी संगणकातली नाही, हिशेबनीस आहे. तेव्हा जे मला जमलं ते बहुतेकांना जमेल, आणि जिथे मी आपटले तिथे बाकीचेही आपटू शकतात.

आधी बॅटरी. या फोनचं डोकं अजून शाबूत आहे. स्नॅपड्रॅगन ८४५ चिप, सहा जीबी रॅम, आजच्या कितीतरी स्वस्त नव्या फोनांपेक्षा चपळ. गेलं होतं ते पोट. सहा वर्षांत कुठलीही लिथियम बॅटरी थकते, त्यात फोनचा दोष नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत चौकशी केली. या फोनच्या बॅटरीवर बीएम४ई असा नंबर असतो, तोच मागायचा. दुकानदार प्रामाणिक निघाला. "ताई, ओरिजिनल आता कुठे मिळायची? ही कॉपीच आहे, पण त्यातल्या त्यात बरी." बसवून ८५० रुपये. मागचं झाकण प्लास्टिकचं आणि चिकटवलेलं असतं. गरम हवा मारून, पातळ पत्ती घालून ते हळूहळू सोडवावं लागतं, आणि बोटाच्या ठशाच्या सेन्सरची पट्टी झाकणाबरोबर ओढली जाते. ती तुटली की सेन्सर गेला. म्हणून हे घरी यूट्यूब बघून करायच्या फंदात मी पडले नाही.

पहिली बॅटरी आठ दिवसांत नाटकं करायला लागली. ३० टक्क्यांवरून फोन एकदम बंद. त्याने कुरकुर न करता बदलून दिली, कारण बसवताना मी त्याच्याकडून बॅटरीवर मार्करने तारीख लिहून घेतली होती. हे जरूर करा. दुसरी बॅटरी आजही ठीक आहे.

जुनी बॅटरी मधोमध फुगली होती. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही आणि घंटागाडीत तर अजिबात टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते, त्यांच्याकडे ती आणि दोन मेलेले चार्जर दिले. २०२२ साली जगात ६२० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. माझी बॅटरी तरी त्या पाव हिश्शात गेली.

बॅटरीने फोन जागा झाला, पण अँड्रॉइड १० वर अडकलेला. कंपनीची अपडेट तिथेच थांबली होती. म्हणून लिनिएज. सायनोजेनमॉड नावाची जुनी मोफत प्रणाली २०१६ च्या अखेरीस बंद पडली, तिच्यातून हौशी प्रोग्रामरांनी उभं केलेलं हे काम. कंपनीने सोडून दिलेल्या फोनांसाठी ते अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या तयार करतात, फुकट. त्यांच्या संकेतस्थळावर फोनांची यादी आहे. पोको एफ१ तिथे 'बेरिलियम' या टोपणनावाने आहे. आपला फोन या यादीत असेल तरच पुढे वाचा. कुठल्यातरी टेलिग्राम गटातून अनोळखी माणसाने बनवलेली फाईल उचलून फोनमध्ये घालणं म्हणजे घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाला देणं.

पहिली पायरी बूटलोडर उघडण्याची. बूटलोडर म्हणजे दुसरी प्रणाली फोनमध्ये घालू न देणारं कुलूप. त्यासाठी कंपनीचं विंडोजवर चालणारं अधिकृत साधन आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते बसवता येईना, म्हणून भाच्याचा आणला. फोनमध्ये कंपनीचं खातं जोडलं की साधन सांगतं, १६८ तास थांबा. म्हणजे पूर्ण सात दिवस. त्याच संदेशात खाली लिहिलेलं असतं की मध्ये खातं पुन्हा जोडू नका, नाहीतर पहिल्यापासून मोजणी. मी पाचव्या दिवशी 'सगळं नीट आहे ना' म्हणून तिथेच बोट लावलं. परत सात दिवस. आणि बूटलोडर उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो आधी काढून घ्या.

प्रत्यक्ष बसवायला एक संध्याकाळ लागली. त्यातही एका ठिकाणी माझा जीव वरखाली झाला. लॅपटॉपवरून फाईल सरकत होती, आकडा ४७ टक्क्यांवर आला आणि थांबला. पुढे हलेचना. केबल उपटण्याच्या बेतात होते, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, थांब, असंच होतं." खरंच तसंच होतं. बहुतेक वेळा ४७ वरच काम पूर्ण होतं, आणि हे सूचनांमध्ये लिहिलेलंही आहे. मी वाचलं नव्हतं. दुसरी गोष्ट, प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलच्या ॲपचं वेगळं पॅकेज फोन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच घालावं लागतं. नंतर आठवण झाली तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

फोन सुरू झाला तेव्हा अँड्रॉइड १४ होतं. जाहिराती नाहीत, नको असलेली ॲप नाहीत. पहिले चार दिवस मी ऑफिसात मिरवून घेतलं.

आता खरी गोष्ट. पहिले दोन महिने मी हट्टाने हाच मुख्य फोन म्हणून वापरला, आणि तो हट्ट चुकला.

बँकेचं ॲप उघडताक्षणी बंद व्हायचं. उपकरणात बदल केलेला आढळला, म्हणे. कारण साधं आहे. फोन मूळ अवस्थेत आहे का, हे ॲप गुगलकडून तपासून घेतं. बूटलोडर उघडा असला की त्या तपासणीत फोन नापास. याला वळसे घालण्याच्या युक्त्या आहेत. भाच्याने एक करून दिली, तीन आठवडे चालली, मग गुगलने काहीतरी बदललं आणि पुन्हा ठप्प. रोज सकाळी दूध घेताना 'आज पैसे जातील का' हा जुगार मला नको होता. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी यूपीआय लागतं आजकाल. मग मी दोन फोन घेऊन फिरायला लागले, आणि जुना फोन वाचवण्यासाठी दोन फोन बाळगणं हे माझ्या हिशेबात बसेना.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. सिनेमाच्या ॲपवर चित्र धूसर दिसतं, कारण बूटलोडर उघडल्यावर सिनेमाची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची वरची पातळी निघून जाते. अंधारातही चेहरा ओळखून फोन उघडायची सोय गेली. कॅमेऱ्याचे फोटो रात्री फिके येतात. कॉल मात्र पहिल्या दिवसापासून व्यवस्थित. ही शंका मला सगळ्यात जास्त होती, कारण काही फोनांवर असं काही बसवल्यावर फोर-जीवरून बोलणंच बंद होतं.

एक गोष्ट किरकोळ म्हणून सोडता येणार नाही. लिनिएजमुळे अँड्रॉइडचे सुरक्षा बदल मिळत राहतात, पण चिप आणि मोडेमच्या (नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाच्या) आतलं जे कंपनीचं बंद सॉफ्टवेअर आहे, ते जुनं ते जुनंच राहतं. हा फोन नव्यासारखा सुरक्षित झाला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

संक्रांतीला वाईला गेले. अप्पा एकटे असतात. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, आणि स्मार्टफोनची धास्ती. ओळखीतल्या एकांना कुणीतरी ओटीपी विचारून फसवलं होतं, तेव्हापासून अप्पा अनोळखी नंबरच उचलत नव्हते. मी पोको त्यांच्याकडे ठेवला. स्वयंपाकघरातल्या फळीवर लाकडी स्टँडवर, कायम चार्जरला. पडद्यावर चारच चौकोन: व्हिडिओ कॉल, आकाशवाणी, फोटो, हवामान. अक्षरं मोठी. त्यात बँक नाही, यूपीआय नाही, आधार नाही, ईमेलही मी फक्त या फोनसाठी नवं काढलं.

आठ दिवसांनी अप्पांचा फोन आला. "हा बरा आहे गं. पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही. याला घाबरायचं कशाला?"

माझ्यासाठी जे या फोनचं उणं होतं तेच त्यांच्यासाठी अधिक झालं. बँकेचं ॲप चालत नाही ना, मग तिथून चोरण्यासारखंही काही नाही. त्यांना स्वस्तातला नवा फोन घेऊन दिला असता तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यात सगळं भरून दिलं असतं. सात महिने झाले, फोन त्या फळीवरून हललेला नाही. सकाळी सातच्या बातम्या, दुपारी नातीशी गप्पा. वीज गेली की शेजारचं वायफाय मरतं, पण यात सिम आहे आणि बॅटरी आहे, त्यामुळे हाच चालू राहतो.

कायम चार्जरला ठेवणार असाल तर एक सेटिंग विसरू नका. लिनिएजच्या बॅटरीच्या पानावर चार्जिंगची मर्यादा घालता येते, मी ८० टक्के ठेवली आहे. रात्रंदिवस १०० टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर फुगते. ज्या फोनमध्ये ही सोय नाही, तिथे प्लगला टायमर लावून दिवसातून दोन तास वीज द्या.

मध्ये एकदा मीच घोळ घातला. छोटी अपडेट फोनवरच येतात आणि सुखाने बसतात. मुख्य आवृत्ती बदलताना मात्र गुगलचं पॅकेजही नव्या आवृत्तीचं घालायचं असतं. मी घाईत नुसती प्रणाली घातली. फोन सुरू होईना. सगळं पुसून पुन्हा केलं, आणि अप्पांना दोन दिवस बातम्यांविना काढावे लागले. ते मला अजून ऐकवतात. आता मी वाईला जाते तेव्हाच, सूचना पुढ्यात ठेवून हे काम करते.

खर्चाचं विचाराल तर बॅटरीचे ८५०, स्टँडचे दीडशे. माझ्या संध्याकाळी धरल्या नाहीत.

यादीत नसलेल्या फोनांचं काय? जावेचा एक फोन तसाच निघाला, दोन जीबी रॅमचा, लिनिएज नाही. तो रिसेट करून, गुगल खातं काढून आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलाला गाणी ऐकायला दिला. खातं आधी काढणं महत्त्वाचं. नाहीतर रिसेटनंतर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो आणि चांगला चालणारा फोन खरोखर भंगार होतो. फार जुन्या फोनांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. २०२५ च्या सुरुवातीपासून व्हॉट्सॲप अँड्रॉइड ५ च्या खाली चालत नाही, म्हणजे किटकॅटवाले (अँड्रॉइड ४.४) फोन घड्याळ आणि गाण्यांपुरतेच.

युरोपात २०२५ च्या जूनपासून नियम आला आहे: विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यायचे. आपल्याकडे तसं असतं तर मला भाच्याचा लॅपटॉप मागावा लागला नसता.

परवा पुन्हा तीच स्कूटर आली. मी गॅलरीत होते. काकू खाली न जाता माझ्या दारात आल्या, हातात काकांचा जुना फोन. "याचं काही होतंय का बघ गं." मॉडेल यादीत नव्हतं. पण फोन टेबलावर ठेवला तर सपाट बसेना, भोवऱ्यासारखा गरगर फिरला. म्हटलं, काकू, आधी हा चार्जिंगला लावू नका, याच्या पोटाचं बघू.